रुमालाखालचा भाव

धान्य मोजताना मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. तो 'लाभ' म्हणतो आणि मग दोन, तीन, चार असा पुढे जातो. माझे अब्बा औंढा नागनाथच्या आणि जवळा बाजारच्या मोंढ्यात मापाडी होते. ते 'बरकत' म्हणायचे. समोर बसलेल्या शेतकऱ्याला त्यात काही वेगळं वाटत नसे. त्याचं लक्ष शब्दाकडे नव्हे, मापाकडे असे. पायली काठोकाठ भरली की वर शीग किती चढली, मापाड्याचा अंगठा मापाच्या आत होता की बाहेर, हे तो डोळ्यांत तेल घालून पाहत असे. अब्बांचं एकच सांगणं होतं. मापाड्याचा आवाज मोंढ्याच्या दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. पुटपुटत मोजणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील?

गंमत अशी की, ज्या मोंढ्यात माप मोठ्यानं मोजलं जाई, त्याच मोंढ्यात एके काळी भाव मात्र मुक्यानं ठरत असे. तोही रुमालाखाली.

आजोबांनी ते पाहिलं होतं. शेतकरी गाडी सोडून आडत्याच्या दुकानापुढे आपली ज्वारी, तूर, करडई ओतायचा. खरेदीदार यायचा, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचा, फुंकर मारायचा, एखादा दाणा दाताखाली फोडायचा. मग आडत्या आणि खरेदीदार हातात हात घेत आणि वर रुमाल नाहीतर धोतराचा सोगा टाकत. आत बोटं बोलायची. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. तो पाच म्हणजे पाच की पन्नास, हे मालाकडे पाहून दोघांना कळे. तोंडानं बोलायची वेळ आलीच तर व्यापाऱ्यांची वेगळी भाषा होती. तिला नंदभाषा म्हणत. तिच्यात एकाला केवली, दोनाला अवारू, तिनाला उधानू, चाराला पोकू आणि पाचाला मुळू. भाषेच्या माणसाला हे शब्द गोड वाटतात. पण पोत्यावर बसलेल्या ज्या कुणब्याचा माल विकला जात होता, त्याला ते कळू नयेत म्हणूनच ते घडवलेले होते. रुमाल निघायचा, आडत्या त्याच्याकडे वळून आकडा सांगायचा, आणि त्यानं मान हलवायची.

गुरांच्या बाजारात हा रुमाल मी स्वतः पाहिला आहे. धान्याच्या बाजारातून तो माझ्या जन्माआधीच गेला होता. पण आजोबा सांगायचे त्यातली एक गोष्ट मला लहानपणापासून छळते. ज्या शेतकऱ्याला आपला भाव कसा ठरला हे कळत नव्हतं, तो पुढच्या वर्षी त्याच आडत्याच्या दारात गाडी सोडायचा. दोन दुकानं पलीकडे दुसरा आडत्या बसलेला असायचा, तरी त्याच्याकडे जायचा नाही. हे कसं? तो भोळा होता म्हणून, असं शहाणी माणसं सांगतात. मला ते पटत नाही. जो मापाड्याच्या अंगठ्यावर नजर ठेवतो, तो भोळा कसा असेल?

याचं उत्तर शोधायचं तर थोडं मागे जावं लागतं.

शेतमालाच्या बाजाराला कायद्याचं कुंपण घालण्याची आपल्याकडची पहिली खटपट आमच्या हिंगोलीच्या शेजारी, आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा इथं झाली. साल १८८६. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचा आणि कारभाराला इंग्रजांचा होता, आणि कारभार पाहणारा रेसिडेंट हैदराबादेत बसत असे. त्याच्या हुकुमानं कारंज्याचा कापूस बाजार नियमात आला. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. वाचताना वाटतं, साहेबाला शेतकऱ्याची दया आली. पण अमेरिकेतल्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली होती. त्यांना भेसळ नसलेला, वेळेवर आणि बेताच्या भावात मिळणारा कापूस हवा होता. त्यासाठी बाजाराला शिस्त हवी होती. त्या कायद्यानं नेमलेल्या समित्यांवर वजन राहिलं ते व्यापाऱ्यांचंच. कुणब्याचं भलं झालं असेल तर ते जाता जाता.

आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात. हिंगोलीला निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती आणि कापसाची मोठी पेठही. रेल्वे आल्यावर गाठी बांधून माल बाहेर जाऊ लागला. माल लांब जाऊ लागला तशी मधली माणसं वाढली. गावातला फिरता खरेदीदार, मोंढ्यातला आडत्या, जिनिंगवाला, मुंबईच्या पेढीचा माणूस. प्रत्येकाच्या पदरात काहीतरी पडायला हवं, आणि ते कापायचं कुठून, तर पोत्यातून. त्या काळच्या कपातींची नावं आमच्या घरी पाढ्यासारखी पाठ होती. आडत, तोलाई, हमाली, कडता, बट्टा, वानगीचे दाणे, धर्मादाय, गोशाळा. अब्बा हसून म्हणायचे, "दान सगळ्यांचं, पोतं मात्र एकाचंच."

१९२८ साली शेतीविषयीच्या रॉयल कमिशननं या कपातींवर आणि बाजारातल्या मापांच्या गोंधळावर बोट ठेवलं. निजामाच्या राज्यात १३३९ फसलीत, म्हणजे १९३० च्या सुमाराला, हैदराबादचा शेतमाल बाजार कायदा आला. त्याच सुमाराला, १९२९-३० मध्ये, एस. केशव अय्यंगार यांनी हैदराबाद राज्याची आर्थिक पाहणी केली आणि खेड्यांचा कर्जबाजारीपणा कागदावर आणला. एकीकडे बाजाराचा कायदा आणि दुसरीकडे कर्जाचा तपशील. दोन्ही एकाच सरकारच्या दप्तरात आले, पण त्यांची एकमेकांशी गाठ काही पडली नाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ इथंच आहे.

१९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. जुने वेगवेगळे कायदे जाऊन १९६३ चा महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा झाला आणि १९६७ पासून लागू झाला. त्याच काळात शेर-मण गेले, किलो-क्विंटल आले. वीस मणांची खंडी असं आम्ही शाळेबाहेर शिकलो आणि शंभर किलोंचा क्विंटल शाळेत. अब्बांच्या हातातली पायली गेली आणि काटा आला. खिशाला बाजार समितीचा बिल्ला आला. माल ढिगाऱ्यानं मांडायचा, उघड्यावर बीट व्हायचं, बोली मोठ्यानं बोलायची, शेतकऱ्याला पट्टी लिहून द्यायची आणि पैसे लगेच चुकते करायचे, असे नियम आले. कोणत्या कपाती करायच्या आणि कोणत्या नाहीत, याच्या पाट्या लागल्या. रुमालाचा बाजार उठला.

हा बदल लहान नव्हता. आज बाजार समितीला नावं ठेवण्याची पद्धत आहे आणि नावं ठेवण्यासारखं तिथं बरंच आहे. पण रुमाल ज्यांनी पाहिला ते तिला सहज मोडीत काढणार नाहीत. हमाल-मापाड्यांसाठी समितीवर एक जागा ठेवली गेली. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली होती, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं होतं. त्या रेट्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. औंढ्यासारख्या आडगावी त्याची झळ उशिरा आणि थोडी पोचली. पण पहिल्यांदा त्या एका जागेसाठी मत देऊन आलेले अब्बा मला आठवतात. त्या दिवशी त्यांनी धुतलेली टोपी घातली होती.

इथं थोडं विषयांतर करतो. मोंढ्यातली आपली भाषा पाहा. दलाल हा अरबी शब्द, मूळ अर्थ वाट दाखवणारा. हमाल अरबी, ओझं वाहणारा. रक्कम, वसूल, बाकी, कर्ज, हिशेब, जमा, खर्च ही सगळी मंडळी तिकडूनच आलेली. नफा अरबी आहे, आणि तोटा मात्र मराठी, तुटण्यातून आलेला. नफा पाहुणा आणि तोटा घरचा, हे आमच्या शेतकऱ्याला व्युत्पत्ती न शिकताही ठाऊक आहे. वाट दाखवणारा माणूस शिवीचा धनी कसा झाला, हा खरा प्रश्न.

तर भाव उघडा झाला. मग तो शेतकऱ्याला कळूही लागला. परभणी आकाशवाणीवरून बाजारभाव सांगितले जात. आमच्या गल्लीत एका किराणा दुकानात रेडिओ होता, आणि संध्याकाळी दहा-बारा माणसं भाव ऐकायला उभी राहायची. लातूरला तूर अमुक, परभणीला कापूस तमुक. माणसं ऐकायची, हूं म्हणायची, आणि सकाळी गाडी जुंपून त्याच दारात जायची.

भाव उघडा झाला, भाव कळू लागला, तरी दार बदललं नाही. आता उत्तराजवळ येतो.

पेरणीच्या वेळी बियाणं लागतं, खत लागतं. श्रावणात घरात कुणी आजारी पडतं. पोरीचं लग्न पंचांग पाहून ठरतं, बाजारभाव पाहून नव्हे. बँक आहे, सोसायटी आहे, पण बँक कागद मागते आणि सोसायटी जुनी बाकी आधी भरायला सांगते. आडत्या काही मागत नाही. तो वहीत नाव लिहितो आणि नोटा मोजून देतो. याला आमच्याकडे उचल म्हणतात. बोली अशी की, माल निघाला की माझ्याच दारात यायचा. रात्री अकरा वाजता दार वाजवलं तरी उचल मिळते. ती देणारा माणूस तुमच्या बापाला ओळखत असतो, तुमच्या बहिणीच्या लग्नात आहेर करून गेलेला असतो. आता सांगा, क्विंटलमागे शंभर रुपये जास्त मिळतात म्हणून हे दार सोडायचं?

क्लिफर्ड गीर्ट्झ नावाचे एक अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मोरोक्को देशातल्या सेफ्रू गावच्या बाजारात जाऊन बसले होते. १९७८ साली त्यांनी लिहिलं, की अशा बाजारात सगळ्यात टंचाई असते ती खऱ्या माहितीची. माल कसा, भाव कोणता, समोरचा शब्दाचा पक्का की कच्चा, हे शोधत फिरणं परवडत नाही, म्हणून माणसं ठरावीक माणसाशीच व्यवहार करतात. ते वाचताना मला वाटलं, हा साहेब औंढ्याला येऊन गेला की काय. फक्त एक गोष्ट मी त्यात घालीन. आमच्याकडे माहितीपेक्षाही टंचाई आहे ती सवडीची. थांबायची ऐपत नसेल तर माहिती घेऊन करायचं काय?

आडत्याची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अब्बा मला माफ करणार नाहीत. शेतकऱ्याला पैसे लगेच द्यायचे असतात. सांगलीचा किंवा आणखी कुठला खरेदीदार मात्र आठवड्यांनी पैसे पाठवतो. मधले दिवस आडत्याचे पैसे अडकलेले असतात. खरेदीदार बुडाला तर आडत्या बुडतो, आडत्या बुडाला तर त्याच्यामागे सगळे. मी शाळेत असताना एका हंगामात असंच झालं. जवळच्या एका बाजारात एका आडत्यानं रातोरात दुकान बंद केलं. शेतकऱ्यांच्या पट्ट्या हातात राहिल्या, आणि अब्बांची त्या दुकानाची सगळ्या हंगामाची तोलाईही गेली. त्या वर्षी ईदला आम्हा भावंडांना नवे कपडे झाले नाहीत. अब्बा त्या माणसाविषयी वाईट बोलल्याचं मला आठवत नाही. "त्याचे पण कुणीतरी बुडवले असतील," एवढंच म्हणाले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

भाव चांगला असूनही पैसे उशिरा आले तर काय होतं, याचा धडा कापसानं दिला. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. कापूस फक्त सरकारी यंत्रणेनं घ्यायचा, व्यापाऱ्यानं नाही. मधला माणूसच काढून टाकायचा, असा तो मोठा बेत होता. हेतू चांगला होता, काही वर्षं शेतकऱ्याला चांगला भाव मिळालाही. पण केंद्रांपुढे बैलगाड्यांच्या रांगा लागत, प्रतवारीवरून भांडणं होत आणि चुकारे लांबत. चुकारा हा शब्द आमच्या भागात लोक उसासा टाकूनच उच्चारत. ज्याला निभावून नेता येत होतं तो रांगेत उभा राहिला. ज्याला आज रात्री पैसे हवे होते त्यानं अंधारात कमी भावानं कापूस व्यापाऱ्याला दिला. कायद्यानं तो गुन्हा होता, पण घरात डॉक्टरचं बिल पडलेलं होतं. २००२ नंतर या योजनेचा एकाधिकार संपला. त्यावर राजकारणाच्या अंगानं पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्यात उचलीसाठी आडत्याचं दार वाजवणारा तोच माणूस दिसतो.

आता हळदीकडे येतो, कारण आज हिंगोली जिल्ह्याचं नाव बाजारात आहे ते हळदीमुळे. वसमत, औंढा, कळमनुरी, हिंगोली, सेनगाव, सगळीकडे हळद आहे. हिंगोलीच्या हळद बाजाराला संत नामदेवांचं नाव आहे. नामदेवांचं नरसी इथून जवळच. औंढ्याला नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं, ही कथा आम्ही सगळ्यांनी लहानपणी ऐकली. पीकही असंच फिरतं. पूर्णेच्या सिद्धेश्वर-येलदरी प्रकल्पाचं पाणी आलं तेव्हा भुईमूग आणि ऊस आले, नंतर सोयाबीन आलं, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत हळद पसरली.

हळद हे शेतकऱ्याची परीक्षा पाहणारं पीक आहे. मृगाच्या आसपास बेणं लावायचं ते नऊ महिन्यांनी काढायचं. काढून भागत नाही. शिजवायचं, पंधरा-वीस दिवस उन्हात वाळवायचं, ड्रममध्ये घोळून पॉलिश करायचं. शिजवताना कमी पडलं तर आत रंग येत नाही, जास्त झालं तर हळकुंड नरमतं. एवढं झाल्यावर मात्र हळद एक मोठी सवलत देते. ती टिकते. टोमॅटोसारखं तिला संध्याकाळच्या आत विकावं लागत नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला तर हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवत आणि ती वर्षानुवर्षं राहत असे. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं बाद झाली. आमच्याकडेही ज्वारीची पेवं होती. पेव उघडताना आधी कंदील सोडायचे. कंदील विझला तर आत उतरायचं नाही. थांबण्याची जागा म्हणजे पेव. आता पेवं गेली आणि जागा घरातल्या कोपऱ्याची उरली.

पूर्णाकाठच्या एका गावात आमचे एक मामा आहेत. नात्याचे नाहीत, अब्बांच्या काट्यावर त्यांचा माल तोलला जायचा तेव्हापासूनचे. आई त्यांना राखी बांधायची. त्यांची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. २०१० च्या अखेरीला हळदीचा भाव क्विंटलला पंधरा हजारांच्या पुढे गेला. कुणी कधी असा भाव पाहिला नव्हता. मामांनी त्या वर्षी हळद वाढवली, गावानंही वाढवली, निजामाबाद-इरोडकडेही वाढवली. २०११ ला माल निघाला तेव्हा भाव उतरायला लागला होता. आडत्या म्हणाला, विकून टाका. मामा म्हणाले, हळद काय नासते का? थांबतो. थांबले. २०१२ च्या उन्हाळ्यात भाव चार हजारांच्या आसपास आला. घराच्या माळवदाखाली रचलेली पोती त्यांनी बैलपोळ्याआधी विकली. खर्चही निघाला नाही. त्या वर्षी आडत्यानं पुन्हा उचल दिली. कागद नाही, तारण नाही. त्यानंतर मामांनी त्या दुकानाशिवाय दुसरीकडे माल नेला नाही.

अकरा वर्षांनी, २०२३ च्या उन्हाळ्यात, भाव पडलेला होता. क्विंटलला सहा-सात हजार. मामांनी एप्रिलमध्येच सगळी हळद विकली. या वेळी आडत्यानं फोन करून सांगितलं होतं, "मामा, पेरा कमी होणार आहे म्हणतात. थोडं थांबून पाहा." मामांनी ऐकलं नाही. नातीचं लग्न ठरलेलं होतं, त्याच दुकानाची उचल डोक्यावर होती, आणि एकदा थांबून पोळलेला माणूस तो. पावसानं ओढ दिली, लागवड घटली, परदेशातून मागणी आली, आणि ऑगस्टपर्यंत भाव दुपटीच्या पुढे गेला. मी भेटायला गेलो तेव्हा मामा ओट्यावर बसून मोबाईलवर वायदेबाजाराचा आकडा पाहत होते. २००४ पासून हळदीचे वायदे संगणकावर चालतात. आजोबांच्या काळी रुमालाखाली दडलेला भाव आता म्हाताऱ्याच्या तळहातावर उजेडात होता. मला म्हणाले, "भाचे, बघ, सगळं दिसतंय."

२०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला गेला, शेतकऱ्याकडून त्याची आडत घेणं बंद झालं. त्याच वर्षी १४ एप्रिलला ई-नाम हा देशभराचा ऑनलाईन बाजार सुरू झाला. २०२० मध्ये केंद्रानं तीन कायदे आणले, दिल्लीच्या सीमेवर वर्षभर शेतकरी बसले, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात ते मागे घेतले गेले. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जानेवारीत निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं. यातल्या प्रत्येकावर मला मत आहे, पण ते आज राहू द्या. कुठं विकायचं आणि काय नावानं विकायचं, याची ही भांडणं आणि बक्षिसं आहेत. मामांचा प्रश्न कधी विकायचं हा होता.

त्या प्रश्नाला थेट हात घालणारी एक जुनी योजना आहे, तिची चर्चा फार होत नाही. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासूनची. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, व्याज सहा टक्के, मुदत सहा महिने. सोयाबीन, तूर, हळद चालते. म्हणजे पेवही मिळालं आणि उचलही. मग सगळे का घेत नाहीत? ज्या समितीकडे गोदाम नाही, पैसा नाही, तिथं ती कागदावर राहते. आणि दुसरं कारण मामांनी सांगितलं. गोदामाची पावती नातीच्या लग्नाला येत नाही, आडत्या येतो.

यावर मी बराच वेळ गप्प होतो. आडत्याचं येणं खरं आहे, ते खोटं मी म्हणणार नाही. पण त्या येण्याची किंमत पट्टीवर कुठंच लिहिलेली नसते. कडता लिहिला जातो, हमाली लिहिली जाते, आणि न थांबता आल्यामुळे जे गेलं त्याला रकाना नाही. अब्बा ज्याला 'बरकत' म्हणून सुरुवात करायचे, ती कुणाच्या घरी जाते हे मापाड्याला दिसत नसतं. त्याला फक्त मोजायचं असतं.

गेल्या हंगामात मामांच्या मुलाबरोबर मी मोंढ्यात गेलो. त्यानं निम्मी हळद गोदामात टाकली आणि निम्मी त्याच जुन्या दुकानात आणली. मामाही आले होते, लेकाच्या मनाविरुद्ध. बीट झालं, इलेक्ट्रॉनिक काट्यावर लाल आकडे पळाले, कुणी मोठ्यानं काही मोजलं नाही. जुना आडत्या आता नाही, त्याचा मुलगा गादीवर बसतो. त्यानं चहा मागवला आणि मामांना विचारलं, "बाकीची कुठंय, मामा?"

मामांनी लेकाकडे पाहिलं. लेकानं खिशातली गोदामाची पावती काढून दाखवली. आडत्यानं ती उलटसुलट करून वाचली, परत दिली, आणि वही उघडून मामांच्या नावाचं पान काढलं. "मग या बाकीचं काय करायचं?" तो म्हणाला. मामांनी बशीत चहा ओतला. "दिवाळीला," ते म्हणाले. आडत्यानं थोडा वेळ पेन हातात धरलं आणि पानावर दिवाळी असं लिहिलं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)